तळाला पाणी, वर माती

वैशाख आला की डोंबिवलीच्या चाळींतून एकच बोलणे ऐकू येते. "गावी चाललोय. कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

शेजारच्या काकूंना सांगावे, तर त्याही गावी निघालेल्या. मग निघण्याच्या दिवशी तुळशीच्या डब्यात दोन तांबे पाणी जास्त ओततात. हात जोडतात आणि गाडी पकडतात. आठ दिवसांनी परत येऊन पाहावे, तर तुळशीच्या काड्या उरलेल्या. मिरचीने मान टाकलेली.

मग ते जास्तीचे दोन तांबे गेले कुठे? डब्याच्या भोकातून खाली गेले. गॅलरीतून टपटपले. खालच्या बिऱ्हाडाची बोलणी खावी लागली ती वेगळीच. माती जेवढे पाणी धरते तेवढेच धरते. वरून कितीही ओता, जास्तीचे ती सोडून देते.

आम्ही या धड्यात एक बादली सांगणार आहोत. तिच्या तळाला पाणी असते. वर माती असते. माती लागेल तेवढे पाणी खालून ओढून घेते. झाडाची मुळे आधी मातीत वाढतात आणि मग हळूच खाली पाण्यात उतरतात. अर्धी शेती मातीची, अर्धी पाण्याची. ही बादली विकतही मिळते, पण घरी केली तर फारसा खर्च येत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती होती. कुणाची अजून आहे. कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर या तालुक्यांत भात पिकतोच आहे. पण कुणाच्या खाचरावर आता सात मजली इमारत उभी आहे. राहायला दोन खोल्या आणि पुढे तीन फुटांची गॅलरी. तिथे नांगर चालत नाही. बादली मात्र बसते.

आणि पाण्याचे काय? आपल्या ठाणे जिल्ह्यात पाऊस थोडाथोडका नाही. वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पडतो. पण तो सारा चार महिन्यांत पडून जातो. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. भातसा धरणही त्याच तालुक्यात. दोन्हींचे पाणी मुंबईकडे जाते. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. इकडे ठाणे-कल्याणकडे नळ आहेत, पण उन्हाळ्यात पाणीकपात आली की तेही रुसतात. बाईमाणसाने डोक्यावरून आणलेला हंडा कुंडीत ओतायचा आणि निम्मा भोकातून वाहून जाऊ द्यायचा, हे आम्हाला तरी पटत नाही.

आता पाणी खालून वर कसे चढते ते पाहू.

पाणी खाली वाहते हे सर्वांना ठाऊक. ते वरही चढते, हेही तुम्ही पाहिले आहे, फक्त तिकडे लक्ष दिलेले नाही. समईत तेल खाली असते आणि ज्योत वर असते. तेल वर कोण नेते? वात नेते. पावसाळ्यात चाळीच्या भिंतीला ओल येते. ती जमिनीकडून वर चढत येते, कमरेइतकी येते. कुणी पाणी वर ओतलेले नसते. विटेला आणि चुन्याला बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी वर सरकते. छिद्र जितके बारीक, तितके पाणी जास्त वर जाते.

खात्री करायची तर ताटलीत पाणी घ्या आणि एक कोरडी वीट तिच्यात उभी करा. थोड्या वेळाने पाहा. विटेचा खालचा भाग गडद झालेला दिसेल. आणखी वेळाने तो गडदपणा वर सरकलेला दिसेल.

मातीचेही तसेच आहे. मातीच्या कणांमध्ये फटी असतात. जाड वाळूत फटी मोठ्या असतात, म्हणून पाणी चार-सहा बोटेच चढते. बारीक पोयट्याच्या मातीत ते हातभर आणि त्याहूनही वर चढते, पण फार सावकाश चढते. झाड वरून पाणी पिते, तशी माती कोरडी होते. कोरडी झाली की ती खालून पुन्हा ओढते. झाड प्यायचे थांबले की ओढणेही मंदावते. कुणी नळ उघडायला नको, कुणी बंद करायला नको.

हे आम्ही साक्षरतेच्या वर्गात सांगत होतो, तेव्हा मुरबाडकडच्या एका आजींनी आम्हाला अडवले. म्हणाल्या, "मास्तर, थांबा जरा. सतत पाणी असलं तर मुळं कुजतात, असं तुम्हीच मागं सांगितलंत."

आम्ही म्हणालो, "हो आजी, सांगितलं होतं."

"मंग भात कसा उभा ऱ्हातो चिखलात? त्याची मुळं का नाय कुजत? आणि मिरचीलाच काय होतंय?"

आम्ही गप्प झालो. आजींनी जन्मभर लावणी केलेली. त्यांचा प्रश्न खरा होता. त्या दिवशी आम्ही "उद्या सांगतो" म्हणालो आणि घरी जाऊन वाचले. जे कळले ते असे.

मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. मुळे श्वास घेतात. सर्वच झाडांची घेतात. मातीच्या फटींत हवा असते, तिच्यावर त्यांचे चालते. फटी पाण्याने गच्च भरल्या की हवा संपते. मग मुळे गुदमरतात. विहिरीत पडलेल्या माणसासारखी गत होते. मेलेली मुळे कुजतात आणि पान पिवळे पडते. गंमत अशी की, झाड पाण्यात उभे असते तरी तहानेने माना टाकते, कारण पाणी ओढणारे मूळच मेलेले असते. आपण पाहतो, म्हणतो झाड सुकले, आणि आणखी पाणी घालतो!

भाताची गोष्ट वेगळी. भाताच्या मुळात आणि कांडीत आतून पोकळ जागा असतात. पानांनी घेतलेली हवा त्या वाटेने खाली मुळापर्यंत पोचते. जणू भाताने चिखलात उतरताना श्वासाची नळी बरोबर नेली आहे. भाताची पोकळी बारीक असते, सहज दिसत नाही. पण कमळाचा देठ आडवा कापून पाहा. त्यात भोकेच भोके दिसतील. तीच ही हवेची वाट. मिरचीला, वांग्याला, टोमॅटोला अशी वाट नाही.

दुसऱ्या दिवशी आजींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजे मिरचीला पाणी पायथ्याशी हवं, गळ्याशी नको." आम्ही इतका वेळ बोलून जे सांगितले, ते त्यांनी एका वाक्यात आटोपले.

आमची बादली याच गोष्टीवर उभी आहे. तळाला पाणी. पाण्याच्या वर बोटभर मोकळी हवा. त्या हवेच्या वर माती. पाणी आणि माती यांची गाठ एकाच ठिकाणी पडते. ते ठिकाण म्हणजे मातीची वात.

आता करायला घेऊ.

रंगाची वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली घ्या. इमारतींची रंगकामे चालतात तिथे रिकाम्या बादल्या मिळतात. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची बादली बघून घ्या. आतला रंग खरवडून काढा आणि बादली दोन-तीनदा धुऊन उन्हात ठेवा. कीटकनाशकाचा किंवा कुठल्याही औषधाचा डबा मात्र घेऊ नका. तो कितीही धुतला तरी घेऊ नका. त्यात पिकलेली भाजी आपल्या पोटात जाणार आहे.

बादलीच्या तळापासून चार इंचांवर आतून खूण करा. तिथे आपल्याला एक माळा बसवायचा आहे. घरात सामान ठेवायला माळा असतो ना, तसा. बादलीचे झाकण घ्या. चार इंचांच्या खुणेपाशी बादलीचा आतला घेर जेवढा असेल, तेवढे ते कापा. हा झाला माळा. त्याला खिळा तापवून बोरूएवढी पंधरा-वीस भोके पाडा. प्लॅस्टिक तापले की धूर येतो, तो वाईट असतो. हे काम दाराबाहेर, मोकळ्या हवेत करा आणि पोरांना लांब ठेवा.

माळ्याच्या मध्यभागी दह्याचा प्लॅस्टिकचा डबा बसेल एवढे मोठे भोक कापा. डबा चार इंच उंचीचा असावा. त्याच्या बाजूंना आणि तळाला पुष्कळ भोके पाडा. हा डबा बादलीच्या तळावर उभा राहील आणि त्याचे तोंड माळ्याच्या भोकात येईल. त्यात माती भरली की झाली मातीची वात.

माळ्यावर ओल्या मातीचे ओझे येणार. ते एकट्या डब्याला पेलणार नाही. म्हणून नळकाम्याकडून टाकाऊ पाइपाचे चार इंची चार तुकडे आणा आणि माळ्याखाली खांबांसारखे उभे करा. आमच्या एका बादलीत आम्ही खांब घालायचा आळस केला होता. पंधरा दिवसांत माळा खचला आणि सगळी माती पाण्यात बसली.

मग पाणी भरायची नळी. इंचभर जाडीचा पाइप, दीड फूट लांबीचा. बादलीच्या कडेला माळ्यातून खाली सोडायचा. खालचे टोक तिरपे कापायचे. सपाट ठेवले तर ते तळाला चिकटून बसते आणि पाणी उतरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे भोक. धरणाला सांडवा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. बदलापूरजवळच्या बारवी धरणाला आहे, भातशालाही आहे. धरण भरले की जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघून जाते. सांडवा नसेल तर पाणी धरणाच्या माथ्यावरून जाईल आणि धरण फुटेल. आपल्या बादलीलाही सांडवा हवा. बाहेरच्या बाजूने, तळापासून बरोबर तीन इंचांवर, करंगळीएवढे एक भोक पाडा. माळा चार इंचांवर आणि सांडवा तीन इंचांवर. मधला एक इंच हवेचा. पाणी कितीही भरा, ते त्या इंचात चढणार नाही.

एवढ्या जागेत पाणी किती मावते? चार लिटरच्या आसपास.

मातीचे थोडे सांगायला हवे, कारण तुमच्यातले पुष्कळ जण इथेच चुकतील. आम्हीही चुकलो. शेतकऱ्याला वाटते, आपल्या खाचराची माती सोन्यासारखी. भाताला ती सोन्यासारखीच आहे. पण बादलीत ती भरली आणि भिजली की चिकटून दगड होते. तिच्यात हवा राहत नाही. म्हणून तांबडी माती एक घमेले, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक घमेले आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक घमेले, असे मिसळा. भाताचे तूस मिळाले तर दोन ओंजळी टाका. मूठभर मिश्रण ओले करून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहावा, पण बोटाने टोचताच फुटावा. असे झाले की जमले. शेण कच्चे असेल तर मात्र घालू नका. ते बादलीत कुजू लागते, तापते आणि रोप मारते.

आधी दह्याच्या डब्यात माती भरा. हाताने दाबून भरा, म्हणजे वात सलग होईल. मग माळ्यावर माती भरत या. ती दाबू नका. कडेला दोन बोटे जागा ठेवून रोप लावा.

पहिले पाणी वरून घाला. हे विसरू नका. कोरडी वात पेटवली तर ती तेल ओढत नाही, नुसती जळते. कोरडी मातीही पाणी ओढत नाही. तिला एकदा वरपासून खालपर्यंत भिजवावे लागते, म्हणजे पाण्याचा धागा जुळतो. सांडव्यातून पाणी ठिबकेपर्यंत वरून घाला. पुढचे आठ-दहा दिवस रोप लहान असते आणि त्याची मुळे वरच असतात, तोवर वरूनही थोडे थोडे शिंपत राहा. नंतर पाणी फक्त नळीतून घालायचे. किती उरले ते पाहायला केरसुणीची एक हिराची काडी नळीत सोडायची आणि काढून पाहायची. जितकी ओली, तितके पाणी.

आमची पहिली बादली आम्ही मोठ्या हौसेने केली होती. ठाण्याला एका ओळखीच्या घरी गॅलरीत ठेवली होती. तिला सांडवा नव्हता. "पाणी बाहेर कशाला जाऊ द्यायचे?" असे आमचे शहाणपण. जुलै आला. तिरपा पाऊस गॅलरीत शिरला. तीन दिवसांत बादली मातीपर्यंत तुडुंब भरली. मिरची पिवळी पडली. आम्ही माती उपसली, तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास आला. मुळे तपकिरी झाली होती. ओढली तर हातात साल यायची. बिनहवेच्या पाण्यात वेगळ्याच जातीचे जंतू वाढतात, त्यांचा तो वास असतो. तो वास ज्या बादलीला येईल, तिची हवा संपली असे समजावे.

दुसरी चूक याहून मोठी होती. ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

दुसऱ्या बादलीला आम्ही सांडवा ठेवला. पण नळीचे तोंड उघडेच ठेवले. पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या बाई घरोघर पिंपे तपासत आल्या. त्यांनी आमच्या नळीत बॅटरीचा उजेड पाडला आणि आम्हाला बोलावले. "बघा, तुमच्या बागेत काय पिकलंय." पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. डासांच्या. आम्ही ती बादली तिथल्या तिथे उलटी केली. त्याच महिन्यात त्याच मजल्यावरच्या एका मुलाला डेंग्यू झाला होता. तो बरा झाला. डास आमच्याच बादलीतला होता की दुसरीकडचा, हे कोण सांगणार? पण त्या मुलाच्या आईकडे वर मान करून पाहायला आम्हाला पुष्कळ दिवस लागले.

म्हणून नीट ऐका. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला साठलेले स्वच्छ पाणी लागते. पिंप, फुलदाणी, टायर, कुंडीखालची ताटली, कुठेही तो अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात. पाणी आटले तरी ती महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. तेव्हा नळीच्या तोंडाला घट्ट बूच लावा किंवा कापड दुहेरी करून दोऱ्याने आवळा. सांडव्यावर मच्छरदाणीचा तुकडा आतून चिकटवा. माळ्याच्या कडेला फट असेल तर चिंधी ठासा. बादलीखाली ताटली ठेवू नका. ही बुचे आणि जाळ्या रोज नसले तरी आठवड्यातून एकदा हाताने चाचपून पाहा. एवढे जमणार नसेल तर ही बादली करू नका. साधी कुंडी बरी.

आता मुळे पाण्यात उतरतात ते सांगतो.

महिना-दीड महिना झाला की मुळे माळ्याच्या भोकांतून खाली डोकावतात. एकदा आम्ही बादलीला मुद्दाम खिडकी कापून पाहिले. हवेच्या इंचात जी मुळे होती, त्यांना बारीक लव होती, मखमलीसारखी. ती हवा घेत होती. पाण्यात बुडालेली मुळे गुळगुळीत पांढरी होती. ती पाणी ओढत होती. एकाच झाडाने दोन कामांना दोन तऱ्हेची मुळे लावली होती.

पाण्यात झाड वाढते ही गोष्ट नवी नाही. १६९९ साली विलायतेत जॉन वुडवर्ड नावाच्या विद्वानाने आपला प्रयोग छापला. त्याने पुदिन्याच्या काड्या वेगवेगळ्या पाण्यात ठेवल्या. एक पावसाच्या पाण्यात, एक नदीच्या पाण्यात, तर एक माती कालवलेल्या पाण्यात. पावसाचे पाणी सर्वांत स्वच्छ. पण त्यातला पुदिना सर्वांत कमी वाढला. गढूळ पाण्यातला जास्त वाढला. तेव्हा कळले की झाड नुसत्या पाण्यावर जगत नाही. मातीतले काहीतरी पाण्यात विरघळते आणि ते झाडाला लागते. पुढे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास ते काहीतरी कोणते, हे शोधून काढले. ते म्हणजे निरनिराळे क्षार. ते क्षार पाण्यात विरघळवले तर मातीवाचूनही झाड वाढते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातले विल्यम गेरिक यांनी १९३० च्या आसपास असे टोमॅटो वाढवले की शिडी लावून तोडावे लागले.

आपल्या देशातही हे झाले. बंगालमध्ये दार्जिलिंगजवळ कालिम्पाँगला शोल्टो डग्लस नावाच्या गृहस्थाने १९४६-४७ साली बिनमातीच्या शेतीचे प्रयोग केले. त्यांचे म्हणणे असे की, महागडी यंत्रे नकोत, गरिबाला परवडेल असे हवे. त्यांच्या रीतीला 'बंगाल पद्धत' म्हणतात आणि तिचे पुस्तक १९५१ साली निघाले.

मग आम्ही माती कशाला ठेवतो? सगळेच पाण्यात का लावत नाही? कारण नुसत्या पाण्याच्या शेतीत पुष्कळदा पंप लागतो, पाणी खेळते ठेवावे लागते, क्षार मोजून द्यावे लागतात. वीज गेली, पंप थांबला, की भर उन्हात काही तासांत रोप कोमेजते. मातीचे तसे नसते. माती घरातल्या कणगीसारखी असते. तुम्ही चार दिवस विसरलात तरी ती आपल्यातले काढून देते. खत जरा जास्त झाले तरी पोटात घालते. आपल्यासारख्या कामावर जाणाऱ्यांना कणगी असलेली बरी.

खताचे म्हणाल तर पहिले दोन महिने शेणखतावर निभते. फुले आली की झाडाची भूक वाढते. कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणारे एकोणीस-एकोणीस-एकोणीस नावाचे खत मिळते. चार लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा विरघळवून पंधरा दिवसांतून एकदा नळीतून द्यावे. जास्त दिले तर पानांची टोके जळतात. जीवामृत, शेणकाला, ताक, गुळाचे पाणी, यांतले काही टाक्यात ओतू नका. वर मातीवर थोडे घातले तर चालते. खाली साठलेल्या पाण्यात ते सडते, पाण्यातली हवा खाते आणि तोच अंड्याचा वास सुटतो.

आणखी एक खोड या बादलीला आहे. पाणी नेहमी खालून वर जाते आणि वर वाळते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. मातीवर पांढरट साय दिसू लागते. ती चाखून पाहू नका, पण खारट असते! महिन्यातून एकदा ती साय चमच्याने खरवडून टाका आणि वरून भरपूर पाणी घालून सांडव्यातून निघू द्या. पावसाळ्यात हे काम पाऊस करतो.

काय लावावे? दसरा झाला की टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे लावा. आपल्याकडच्या थंडीत ती चांगली फळतात. एप्रिलच्या उकाड्यात टोमॅटोची फुले गळू लागतात, तेव्हा पाण्याला दोष देऊ नका. टोमॅटोला रोज सहा तास तरी ऊन हवे. गॅलरीत तीनच तास ऊन येत असेल, तर पालक, माठ, पुदिना लावा. पावसाळ्यात आमची पसंती अळूला. भाताप्रमाणे अळूलाही ओल सोसते, मग पाऊस कितीही आत येवो. कोरफड आणि पानओवा मात्र या बादलीत लावू नका. त्यांची पाने आणि देठ आधीच पाण्याने भरलेले असतात. बादलीत ती कुजतात.

बादली भरली की वीस किलोंच्या वर जाते. दहा बादल्या म्हणजे दोन क्विंटल. जुन्या चाळीची गॅलरी लाकडी असते, तिचे वय पाहा आणि मग ठरवा. बादल्या भिंतीकडच्या बाजूला ठेवा. कठड्यावर एकही ठेवू नका. वाऱ्याने पडली तर खाली कुणाचे तरी डोके असते.

ज्यांचे परस अजून आहे, त्यांना बादलीचीही गरज नाही. त्यांनी मडके घ्यावे. कुंभाराकडचे साधे, न रंगवलेले, पाणी पाझरणारे. ते दोन वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी पाझरते आणि कोरडी माती ते ओढून घेते. कारल्याचा, दुधीचा वेल मडक्याच्या बाजूला मुळांचे जाळे विणतो. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. दोन-चार वर्षांनी मडक्याची छिद्रे क्षाराने बुजतात, मग मडके बदलावे.

आता पुन्हा त्या वैशाखातल्या गावी जाण्याकडे येऊ. चार लिटर पाणी किती दिवस पुरेल? लहान मिरची दिवसाला अर्धा लिटर पिते असे धरा. तिला आठवडाभर पुरेल. पण फळांनी लदलेला टोमॅटो भर उन्हात दिवसाला दीड लिटर पितो. त्याला तीन दिवसही पुरणार नाही. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी मोठी झाडे उन्हातून काढून सावलीत ठेवा. पिकलेली, पिकायला आलेली फळे तोडून घ्या. मातीवर वाळलेला पालापाचोळा चार बोटे पसरा, म्हणजे वरून पाणी उडणार नाही. टाके भरा, सांडव्यातून ठिबकले की थांबा आणि बूच लावले का ते पाहा. एवढे करून आठ दिवसांत आमची मिरची जगली. टोमॅटोचे एक झाड गेले, ते आम्ही सावलीत ठेवायला विसरलो होतो.

हंगाम संपला की झाड उपटून काढा. माती वर्तमानपत्रावर पसरून चार उन्हे द्या. जाड मुळे वेचा. अर्धे घमेले नवे शेणखत मिसळा आणि माती पोत्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी ती कामाला येते. बादली घासून धुवा, विशेषतः पाण्याच्या रेषेपाशी, कारण डासाची अंडी असली तर तिथेच चिकटलेली असतात. मग ती वाळवून, पालथी घालून ठेवा.